ऐच्छिक गणवेश

सोमवार, २ सप्टेंबर

हेडबाईंनी सगळ्या शिक्षकांना बजावलंय, या सत्रात प्रयोगाची नोंद ठेवा. ती मी शाळेच्या फायलीत ठेवीनच, गुळगुळीत भाषेत. इथे मात्र खरं लिहिणार. म्हणजे कोण काय बोललं आणि कोणाचं तोंड कसं झालं, ते.

आज मीटिंगमध्ये नुसती खडाजंगी. विषय एकच, गणवेशाची सक्ती ठेवायची की काढायची. हेडबाईंना काढायचीय. "मुलं म्हणजे काय एका साच्यातल्या विटा आहेत?" असं त्या चार वेळा म्हणाल्या. पीटीच्या सरांना ठेवायचीय, कारण त्यांना दुरून आपली पोरं ओळखू येतात. चित्रकलेचे सर झोपले होते. मग गणिताच्या बाई बोलल्या. एरवी मूग गिळून बसतात, पण आज म्हणाल्या, "गणवेश काढलात तर मुलांची घरं वर्गात येऊन बसतील." मला रागच आला. वाक्य चांगलं होतं, आणि ते भाषेच्या बाईने बोलायला हवं होतं.

मग मी तोंड उघडलं. म्हटलं, सक्तीचा कशाला म्हणता आणि रद्द तरी कशाला म्हणता? 'ऐच्छिक' म्हणा. ज्याला हवा त्याने घालावा, नको त्याने सोडावा. कोणाचंच मन मोडायला नको. हेडबाईंचा चेहरा एकदम खुलला. पीटीच्या सरांनीही मान डोलावली. गणिताच्या बाई माझ्याकडे बघत राहिल्या, म्हणाल्या, "इच्छा असायला आधी कपाटात काहीतरी असावं लागतं." घ्या! या बाईंना प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवयच आहे.

दाराजवळच्या फळ्यावर सूचना मीच लिहिली. 'पुढील सोमवारपासून गणवेश ऐच्छिक.' अक्षर छान आलं होतं.

गुरुवार, ५ सप्टेंबर

घरात दोन मुली म्हटल्यावर या निर्णयाचा दंगा होणारच होता. धाकटी तर उड्याच मारायला लागली. मोठी इस्त्री करत होती, तिने फक्त विचारलं, "म्हणजे घातला तरी चालेल ना, मावशी?" मी म्हटलं, अगं, चालेल म्हणजे काय, ऐच्छिकचा अर्थच तो.

मोठी माझ्या बहिणीची. ती गेली तेव्हा हे पोर आठ वर्षांचं होतं. भावोजींनी दुसरा संसार मांडला आणि हिला माझ्याकडे आणून सोडलं ते सोडलंच. मी कधी फरक केला नाही. विचारलं कोणी तर सांगते, दोन मुली आहेत मला. घरात आम्ही नावं घेतच नाही, मोठी आणि धाकटी, बस्स. मोठीचं हे शेवटचं वर्ष आहे. गणितात तिचा हात कोणी धरू शकत नाही, म्हणून गणिताच्या बाई तिला शाळा सुटल्यावर जास्तीचं शिकवतात. पुढे शिकेल, मोठी होईल, बहिणीच्या आत्म्याला बरं वाटेल. मला एवढंच हवंय.

आणि कामाची किती! इस्त्री तिच्यासारखी कोणाला जमत नाही. सकाळचा चहासुद्धा तीच करते. मी सांगत नाही हं, तिचं ती करते.

शनिवार, ७ सप्टेंबर

खरेदीला गेलो होतो. पाय तुटले. धाकटीने दुकानदाराच्या नाकी नऊ आणले. हा रंग नको, तो गळा नको. शेवटी पाच ड्रेस आणि एक जाकीट घेऊन बाईसाहेब बाहेर पडल्या.

मोठीसाठीही घेणारच होते. पण धाकटीचे मागच्या वर्षीचे कपडे जसेच्या तसे पडलेत. धाकटी भराभर वाढली, अंगाने भरली, आणि मोठी काडीच राहिली, त्यामुळे तिला ते अगदी चपखल होतात. सगळ्यांच्या घरी थोरलीचे कपडे धाकटीला जातात, आमच्याकडे गंगा उलटी! मी असं म्हटल्यावर धाकटी खो-खो हसली. मोठीही हसली. "चांगलेच आहेत की, मावशी," म्हणाली. गुणाची पोर.

रात्री जेवताना हे म्हणाले, "तिलाही एखादा नवा घेऊन टाकायचा होतास." मी म्हटलं, कपाट भरलंय तिचं. तिला कपाट नाही खरं तर, मधल्या खोलीत दारामागे खुंट्या आहेत. पण बोलायची एक पद्धत असते.

सोमवार, ९ सप्टेंबर

काय बहार आली आज शाळेत! पटांगण नुसतं रंगीबेरंगी. हेडबाईंच्या डोळ्यांत पाणी. निम्म्याहून जास्त मुलं आपापल्या कपड्यांत. एक मुलगा चक्क आजोबांचा कोट घालून आला होता, पीटीच्या सरांना हसू आवरेना. आपल्या एका शब्दाने एवढं होऊ शकतं, याची गंमत वाटत राहिली.

मोठीने धाकटीचा हिरवा फ्रॉक घातला होता. गोड दिसत होती.

गुरुवार, १२ सप्टेंबर

मोठी पुन्हा गणवेशात. राखाडी स्कर्ट, पांढरा शर्ट, वर निळा स्वेटर, तोही एवढ्या उकाड्यात. मी विचारलं, काय गं, फ्रॉकला काय झालं? म्हणाली, "काही नाही. हाच बरा वाटतो."

नंतर धाकटीकडून कळलं. मधल्या सुट्टीत तिची मैत्रीण मोठीकडे बोट दाखवून ओरडली, "अय्या, हा तर तुझा वाढदिवसाचा फ्रॉक!" मग काय, धाकटीच्या वर्गातल्या पोरींना खेळच मिळाला. रोज मोठी आली की ओळखायचं, हा कधीचा, तो कुठला. मी धाकटीला रागावले. ती म्हणाली, "मी कुठे काय बोलले? मी फक्त सांगितलं, हो, माझाच आहे." आता खरं बोलल्याबद्दल मुलीला काय रागवायचं?

मोठीनेही एवढं मनाला लावून घ्यायला नको. कपडा तो कपडा.

सोमवार, २३ सप्टेंबर

आज एक अशी गोष्ट घडली की भाषेच्या बाईचा ऊर भरून यावा. माझा शब्द मुलांच्या तोंडी रुळला! वर्गाबाहेर दोन मुलं बोलत होती. एक म्हणाला, "तो कोण रे, खिडकीतला?" दुसरा म्हणाला, "तो? ऐच्छिक आहे तो." मला आधी कळेचना. मग उलगडलं. अजून गणवेश घालतात त्या मुलांना ते 'ऐच्छिक' म्हणतात. विशेषणाचं नाम झालं! वर्षानुवर्षं खडू झिजवून व्याकरण शिकवते मी, आणि पोरांनी खेळता खेळता ते करून दाखवलं. मी टीचर्स रूममध्ये हे सांगितलं, सगळे हसले.

गणिताच्या बाई तेवढ्या हसल्या नाहीत. "किती उरलेत असे, मोजलंत का?" म्हणाल्या. मोजायला कशाला हवं? वर्गात दोघं-तिघं दिसतात. "आणि कोण आहेत ते, बघितलंत का?" मी म्हटलं, अहो बाई, शब्दाची गंमत सांगतेय, तुम्ही त्यात हजेरी काय घेता?

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

आज माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जेवायला बसलो होतो, मोठीला यायला उशीर झाला, तर धाकटी दाराकडे बघत म्हणाली, "आली बघा आमची ऐच्छिक." हे मान खाली घालून जेवत राहिले. मोठी हात धुऊन आली, पान वाढून घेतलं आणि मला विचारलं, "मावशी, आमटी वाढू?" जसं काही ऐकलंच नाही.

मी धाकटीला चांगलं फैलावर घेतलं. तर उलट मलाच म्हणते, "सगळेच म्हणतात. मी नाही म्हटलं तर मलाच चिडवतील, तुझ्या घरी ऐच्छिक आहे म्हणून." हल्ली दोघी एकत्र शाळेत जात नाहीत, हेही आजच कळलं. मोठी आधी निघते म्हणे.

मग मी मोठीला जवळ बसवलं. म्हटलं, बाळ, हट्ट सोड. एवढे कपडे पडलेत, घाल की त्यातले. कोण कशाला चिडवेल? ती म्हणाली, "ते घातले की धाकटीची होते, हा घातला की ऐच्छिक होते. मग त्यातल्या त्यात हा निदान माझ्या मापाचा आहे." मला हसूच आलं. कसली शब्दाला शब्द लावते, माझ्याच तालमीत तयार झालेली ना!

बुधवार, १६ ऑक्टोबर

शुक्रवारी दुसऱ्या शाळांचे मुख्याध्यापक आपला प्रयोग बघायला येणार. हेडबाईंचं ब्लडप्रेशर वाढलंय. दिवसभर पडदे, खुर्च्या, फुलदाण्या. पाहुण्यांना चहा-बिस्किटं कोण देणार, यावर अर्धा तास गेला. शिपाईमामा एकटे पुरणार नाहीत. शेवटी मीच तोडगा काढला. म्हटलं, गणवेशातल्या मुलींना ठेवू. एकसारख्या, नीटनेटक्या दिसतील, पाहुण्यांना चटकन ओळखूही येतील. हेडबाई म्हणाल्या, तुम्ही नसता तर माझं काय झालं असतं हो!

पाच मुली निघाल्या. त्यात मोठी. बरंच झालं, घरची सवय आहे तिला.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

दिवस छान पार पडला. दृष्ट लागेल असा.

पाहुण्यांमध्ये एक जाडजूड मुख्याध्यापिका होत्या, चार बोटांत चार अंगठ्या. माझ्याशी अगदी गट्टी जमली. 'ऐच्छिक' शब्द त्यांना इतका आवडला की त्यांनी लिहूनच घेतला. आम्ही बोलत होतो तेवढ्यात मोठी ट्रे घेऊन आली. बाईंनी कप घेतला, घोट घेतला, म्हणाल्या, "साखर कमी आहे गं, जरा आणतेस?" मोठीने आणली. बशीत चमचा, खाली रुमाल, सगळं व्यवस्थित. बाई खूश झाल्या. मला म्हणाल्या, "चांगली वळणदार आहे हो. कुठली?"

मी म्हटलं, "आमच्याकडेच असते."

"अरे वा! नशीबवान आहात," बाई म्हणाल्या. "हल्ली अशी मिळते कुठे? आमच्याकडची तर महिनाभर टिकत नाही."

मी हसले. आता तिथे काय सांगत बसणार? बहीण, तिचं जाणं, भावोजींचे प्रताप, ही काय चहाच्या कपावर बोलायची गोष्ट आहे? शिवाय मी खोटं काहीच बोलले नाही. आमच्याकडेच असते ती. मोठी तिथेच उभी होती. तिने बाईंच्या हातातून रिकामा कप घेतला, मग माझ्या हातातला घेतला आणि म्हणाली, "अजून काही आणू का, बाई?" शाळेत मला बाईच म्हणायचं, हा आमचा नियमच आहे. धाकटीसुद्धा बाईच म्हणते.

तिकडे धाकटीने पाहुण्यांसमोर भाषण केलं, 'माझा वेश, माझी ओळख.' मीच लिहून दिलं होतं. टाळ्याच टाळ्या. अंगठ्यावाल्या बाईंनी विचारलं, ही कोण हो एवढी चुणचुणीत? मी म्हटलं, माझी मुलगी!

सोमवार, २१ ऑक्टोबर

सकाळी उठले तर चहा झालेला नाही. मला वाटलं, पोरीला बरं नाही. बघते तर मधल्या खोलीत सरळ बसलेली, घरच्या कपड्यांत. गणवेशाचे दोन्ही जोड इस्त्री करून, घडी घालून खुर्चीवर ठेवलेले.

"आवर की गं, उशीर होतोय."

"मी नाही जाणार, मावशी."

"आज?"

"आज नाही, उद्या नाही. नाहीच जाणार."

"अगं पण का?"

"इच्छा नाही."

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. शेवटचं वर्ष आहे, परीक्षा तोंडावर आलीय! मी ओरडले, समजावलं, हातसुद्धा जोडले. हे पेपर टाकून उठले, तिच्या डोक्यावर हात ठेवून नुसते उभे राहिले आणि मग कामावर गेले. धाकटी म्हणाली, "आई, मला उशीर होतोय." शेवटी मीही गेले. मला तरी काय सुट्टी मिळतेय?

गुरुवार, २४ ऑक्टोबर

गणिताच्या बाई घरी आल्या होत्या. मोठीशी दार लावून बराच वेळ बोलल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. मला म्हणाल्या, "परीक्षेपुरती तरी ये म्हटलं, माझ्या घरी येऊन अभ्यास कर म्हटलं. नाही म्हणते. तुम्ही त्या दिवशी त्या पाहुण्या बाईंना काय म्हणालात?"

"मी? मी काहीच नाही म्हटलं."

"तेच," त्या म्हणाल्या आणि चपला घालून निघून गेल्या.

कोड्यात बोलायची ही काय पद्धत झाली? मला रडूच कोसळलं. इतकी वर्षं सांभाळलं, दुखलंखुपलं पाहिलं, तापात रात्र रात्र जागले, आणि आता लोकांनी माझ्याच दारात येऊन मला ऐकवावं? काय कमी केलं मी?

बुधवार, ३० ऑक्टोबर

मोठी गेली. बाजारातल्या त्या मोठ्या दुकानात कामाला लागलीय, जिथे किराण्यापासून बादल्यांपर्यंत सगळं मिळतं. तिथल्याच दोन मुलींबरोबर खोलीवर राहणार. अठरा पूर्ण झालीत तिला मागच्या महिन्यात, त्यामुळे अडवणार तरी कसं? वाढदिवस या शाळेच्या गडबडीत राहूनच गेला होता. तिनेही आठवण केली नाही.

निघताना वाकून नमस्कार केला. मी इतकी पेटले होते की तोंडून निघून गेलं, "जा खुशाल, कोणी अडवलंय?" ती म्हणाली, "काकांचे शर्ट इस्त्री करून ठेवलेत." एक पिशवी घेऊन गेली, एकच. धाकटीचे सगळे कपडे खुंट्यांवर तसेच आहेत. फ्रॉक, सलवारी, सगळं.

संध्याकाळी मधल्या खोलीत गेले तर हे अंधारात तिच्या पलंगावर बसलेले. दिवा लावला तर म्हणाले, "बंद कर."

मंगळवार, ५ नोव्हेंबर

सत्राचा आढावा. हेडबाई म्हणाल्या, आता शाळेत गणवेश घालणारं उरलंय कोण? पीटीच्या सरांनी खिडकीतून बघून सांगितलं, कोणी नाही. मुलग्यांनी तर तो केव्हाच सोडला होता; उरलेल्या चार मुलींपैकी दोघींनी कुठून तरी कपडे आणले, दोघी येईनाशा झाल्या. त्या का येत नाहीत, हे हेडबाईंनी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. कुठल्या तोंडाने विचारणार?

गणिताच्या बाई म्हणाल्या, "सक्ती परत आणा. लाज वाटत असेल तर नियमावर ढकला, पण आणा." हेडबाई म्हणाल्या, "बाई, प्रयोग यशस्वी झालाय. चार शाळांनी उचललाय." हात वर करायला सांगितले. गणिताच्या बाईंनी सक्तीसाठी हात वर केला. माझाही हात वर जात होता. अर्धा गेलाही होता. मग हेडबाईंनी माझ्याकडे पाहिलं, "शब्द तर तुमचाच!" म्हणून हसल्या, आणि मी त्या हाताने केस सारखे केले.

फळ्यावर सूचना मीच लिहिली. 'गणवेश रद्द.' खडू मध्येच तुटला.

शनिवार, १६ नोव्हेंबर

पंधरा दिवस झोप नाही. आज ठरवलं, जायचंच. चूक माझी असो नसो, लहान लेकरासमोर मोठ्याने वाकलं तर काय बिघडलं? आणि रिकाम्या हाताने कसं जायचं? मोठीसाठी ड्रेस घ्यायचं ठरवलं. नवा कोरा, तिच्या एकटीसाठी.

कपड्यांच्या दुकानातल्या मुलीने विचारलं, "माप काय, ताई?" मी म्हटलं, मुलगी आहे माझी, अठरा वर्षांची. "हो, पण माप?" मला सांगता येईना. धाकटीचं तोंडपाठ आहे, कंबर, खांदा, उंची, सगळं. मोठीचं... मी हवेत हात करून दाखवलं, एवढी असेल, बारीक आहे. ती मुलगी कंटाळली. शेवटी अंदाजाने एक उचलला. निळा, बारीक फुलांचा, अगदी बहिणीला शोभला असता असा.

मग त्या मोठ्या दुकानात गेले. आत सगळ्या मुलींना लाल टी-शर्ट आणि काळी पँट. मोठीला शोधायला मला वेळ लागला. सगळ्या सारख्याच. मोठी साबणाच्या वड्या फळीवर रचत होती, शेजारच्या मुलीला काहीतरी सांगून हसत होती. किती महिन्यांनी तिला असं हसताना पाहिलं! मला बघून थांबली. "मावशी, बसायला इथे जागा नाही," म्हणाली.

मी म्हटलं, बसायला नाही आले, न्यायला आले. परीक्षेचं गणिताच्या बाई बघतील म्हणाल्यात, शाळाही मी बघते. घरी चल. ती म्हणाली, "कुठल्या घरी?" रागाने नाही हो. पत्ता विचारावा तसं. मी पिशवीतून ड्रेस काढला आणि तिच्या हातात दिला. "बघ, नवा आहे. तुझ्यासाठी घेतलाय, फक्त तुझ्यासाठी."

तिने उलगडला. खांद्यांना लावून पाहिला. खांदे दोन्हीकडून लोंबत होते, खालून पोटऱ्यांपर्यंत आला होता. शेजारच्या मुलीने तोंड फिरवलं. मोठीने त्याची पुन्हा घडी केली, कडेला कड जुळवून, जशी ती घरी करायची तशीच, आणि पिशवीत ठेवून पिशवी माझ्या हातात दिली.

"धाकटीला होईल, मावशी," ती म्हणाली आणि साबण रचायला वळली.

रविवार, १७ नोव्हेंबर

धाकटीने घालून पाहिला. अगदी बरोबर बसला.